काकांचा ऑर्गन आणि माझी घरघर

...नाही, मला सांगा, स्वच्छ आवाज काढणं हा काय गुन्हा आहे? तुम्हाला सांगतो, माझ्या काकांकडे एक इलेक्ट्रॉनिक ऑर्गन होता, अगदी सुरुवातीच्या काळातला, कपाटाएवढा, आत जुन्या रेडिओसारखे व्हॉल्व्ह! उभा जन्म काकांनी तो वाजवला, आणि एके दिवशी... धूर! दुरुस्तीवाला म्हणाला, "आजोबा, याचे पार्ट आता म्युझियममध्ये शोधा." ऑर्गन गेला भंगारात. तेव्हापासून काका त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत बसायचे. मला बघवेना हो! म्हटलं, आपण एवढे सॉफ्टवेअरवाले, काकांच्या जुन्या टेप आहेत, तोच आवाज कॉम्प्युटरमध्ये उभा करू.

केला! एकेक सूर घासूनपुसून लख्ख, वर वाजवायला पट्ट्यांचा कीबोर्डही जोडला! काकांनी एक पट्टी दाबली, मान हलवली. "छान आहे रे. पण हा तो नाही."

हा तो नाही! बरं, म्हटलं, घरघर हवी असेल. अहो, आवाजातली घरघर काढणं हा माझा धंदा, आणि मी बसलोय घरघर घालत! "हं... हा तो नाही." तापला की सूर उतरायचा म्हणे, तोही उतरवला. "हा तो नाही." अहो, मग तो आहे तरी कोण? "काका, नेमकं काय कमी आहे?" तर म्हणतात, "ते सांगता आलं असतं तर..." आणि पुन्हा कोपऱ्याकडे!

शेवटी माझं टाळकं सटकलं. टेपमधलं जे जे कचरा म्हणून फेकलं होतं, करकर, खरखर, मध्येच गळा काढणारा तो एक सूर, सगळं परत कोंबलं. म्हटलं, घ्या! काकांनी सुरुवात केली मात्र, आतून काकू कडाडली, "अहो, बंद करा ते! डोकं उठलं माझं!"

काकांचे हात थांबले. डोळ्यांत टचकन पाणी. "हाच तो!"

म्हणजे इतके दिवस कमी काय होतं, तर काकूची ओरड! माझ्या मेहनतीचं कुणाला काही आहे? छे! आता काका सकाळी बसतात ते जेवायला हाक मारली तरी उठत नाहीत, आणि काकू माझ्याशी धड बोलत नाही. काल दारातच गाठलं मला. "तो जुना मेला निदान अधूनमधून बंद तरी पडायचा रे! हा पडतच नाही. तेवढं राहिलंय तुझं, ते करून दे."

काय करणार? बसलोय आता... चांगला चाललेला प्रोग्रॅम बिघडवत.