आण्णा एक ओळ खाली

...आणि वर आण्णा मलाच म्हणतात, "सूनबाई, तुमीच म्हनला हुता ना, पाहिजे तसा बदलता येतो म्हनून?" म्हणाले होते! कबूल! पण म्हणून अख्ख्या वरच्या गल्लीचं पाणी तोडायचं असं म्हणाले होते का मी?

तुम्हाला सांगते, मी नगरची. सावेडीत वाढले, कॉम्प्युटर इंजिनिअर झाले, लग्न होऊन ह्या गावात आले, आणि आता घरात बसूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. हिवरे बाजार इथून फार लांब नाही, त्यामुळं आमच्याकडंही ऊठसूट ग्रामसभा. चांगलंच आहे हो, माझं काही म्हणणं नाही. तर मी हौसेनं गावाला एक वेब ॲप करून दिलं. मोबाईलवर उघडायचं, आपल्या गल्लीला पाणी कधी सुटणार ते बघायचं, आणि नळाला पाइप लावून बसायचं. एवढंच काम त्याचं.

पण एक दिवस मला सुचलं, गल्ल्यांची नावं जरा अकारविल्हे लावावीत. लावली. तर खालची गल्ली गेली वर, मधली राहिली मध्ये, आणि आमची वरची गल्ली आली खाली! आणि सरपंच बन्सीतात्या राहतात कुठं? खालच्या गल्लीत! झालं... आमच्या गल्लीतले माजी सरपंच, गोरक्षनाथ आण्णा, भर ग्रामसभेत उठून उभे. कुणाच्या सांगण्यावरून बदललं, कधी बदललं, कशासाठी बदललं, सगळं गावाला कळलं पाहिजे म्हणे. लगेच ठराव झाला, की इथून पुढं ॲपमध्ये काहीही बदललं तर त्याची नोंद ॲपमध्येच दिसली पाहिजे.

मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना? आमच्याकडं त्याला रिलीज हिस्टरी म्हणतात. त्याचा तयार कंपोनंट मिळतो, आणून बसवायचा, की कुठल्या तारखेला काय बदललं त्याची यादी दिसायला लागते. इथं गप्प बसायचं की नाही मी? पण नाही! हातात माईक, अंगात उत्साह, समोर अख्खं गाव... म्हणून बसले, "आणि हा पाहिजे तसा बदलता येतो!"

पाहिजे तसा बदलता येतो! अहो, तेव्हा लाइट का नाही गेली त्या माइकची?

पाहिजे तसा म्हटल्यावर गावाला काय काय पाहिजे झालं म्हणता! एकाला तारखेबरोबर तिथी पाहिजे. एकाला प्रत्येक नोंदीला सूचक आणि अनुमोदक पाहिजे, ठरावाला असतात तसे. आता 'अक्षर मोठं केलं' ह्याला सूचक कोण लिहू? आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, बारीक दिसत नव्हतं म्हणून केलं होतं, तर लिहिलं, सूचक कडूबाई. शेजारणींनी बोलणंच टाकलं हो त्यांच्याशी, की आमाला काय डोळे न्हाईत व्हय! तात्यांना नोंदीशेजारी आपला फोटो पाहिजे, टाकला, गोल. आण्णांना चौकोनी पाहिजे, केला चौकोनी. काय करता? पाहिजे तसा बदलता येतो!

पण खरं दुखणं पुढंच आहे. असल्या यादीची जगभर एकच रीत, नवं वर आणि जुनं खाली. ॲप सुरू झालं आण्णांच्या काळात, म्हणजे पहिली नोंद आण्णांची, म्हणजे ती सगळ्यात तळाला. मी काही सुधारलं की आण्णा एक ओळ खाली. पुन्हा काही सुधारलं की आणखी एक ओळ खाली. लग्नपत्रिकेत घरातल्या कर्त्या माणसाचं नाव छापखान्याच्या नावाखाली छापावं, तसं झालं ते. आण्णा आमच्या घरी आले, चहासुद्धा घेतला नाही, आणि सांगून गेले, की आता नवीन नोंद होणार नाही.

आणि नेमका उन्हाळा लागला. पाणी कमी झालं, पाणी सोडणाऱ्यानं गल्ल्यांचा क्रम फिरवला, आणि ॲपमध्ये राहिला जुनाच. म्हणजे ॲप म्हणतं, वरच्या गल्लीला पाणी जेवणवेळेला, आणि पाणी येऊन जातं भल्या सकाळी! अख्खी गल्ली कोरडी. बाया डोक्यावर हंडे घेऊन पार मळ्यातल्या विहिरीवर. आणि त्या रांगेत कोण? आण्णांच्या मंडळी, लंकाकाकू!

दुरुस्ती केवढी होती सांगू? चहाला आधण येईपर्यंत करून मोकळी झाले. पण ती गावापर्यंत जाईना! तुम्ही म्हणाल, गुपचूप टाकायची. अहो, तात्या आणि आण्णा दोघांनी मंजूर म्हटल्याशिवाय नवा बदल पुढं सरकणारच नाही, अशी सोय करून ठेवली होती ना त्यात. कुणी ठेवली? मीच! का? पाहिजे तसा...

गेले आण्णांकडं. हात जोडले. लंकाकाकू तेवढ्यात विहिरीवरून आल्या, हंडा उतरवला आणि भिंतीला टेकून खालीच बसल्या. मी म्हटलं, आण्णा, काकूंकडं तरी बघा. आण्णा शांतपणे म्हणाले, "पानी आज न्हाई आलं तर उद्या यील, सूनबाई. नाव एकदा खाली गेलं की गेलं."

मला रडूच आलं हो. हसू नका, खरंच आलं.

शेवटी तात्यांनी तोड काढली. आण्णांची नोंद फोटोसकट कायमची वर, हलणार नाही. मग त्याखाली तात्यांची, तीही हलणार नाही. मग पाणी समितीनं काय पाप केलंय, तिचे फोटो त्याखाली. आणि हा सगळा इतिहास ॲप उघडल्याबरोबर दिसला पाहिजे, कोपऱ्यात दडवलेला नको. एकमतानं मंजूर, टाळ्या, आणि माझी दुरुस्ती सुटली एकदाची! दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या ऐटीत मोबाईल आत्याबाईंच्या हातात दिला. त्या आपल्या बोट सरकवतायत, सरकवतायत... "आन्ना दिसला, तात्या दिसला, समिती दिसली. पानी कुटं हाय गं?" पाणी होतं पार तळाला, आणि बोट तिथं पोचेपर्यंत आमच्या गल्लीची वेळ संपलेली.

आता हे बदला म्हणायला परत ग्रामसभेत जाऊ? माझ्यात नाही बाई ताकद. मी काय केलं, सकाळी पाणी सुटलं की स्वतःच गल्लीत निघते, दारोदार ओरडत, पाणी आलं, पाणी आलं! कॉम्प्युटर इंजिनिअर मी. पहिल्याच दिवशी आण्णांनी ओट्यावरून सांगितलं, की सुरुवात त्यांच्या दारापासून झाली पाहिजे, ते वडीलधारे. केली. त्यांचं घर गल्लीच्या त्या टोकाला, आमचं ह्या टोकाला. आता सगळ्यांचे ड्रम भरतात. आमचा तेवढा राहतो, कारण आत्याबाईंचे गुडघे धरलेत, आमचे हे एमआयडीसीतली रात्रपाळी करून झोपलेले, आणि मी परत येऊन पाइप लावते तोवर नळ नुसता फुसफुसतो.

मग घागर घेऊन जाते, आण्णांच्याच दारात. देतात हो, नाही म्हणत नाहीत. फक्त घागर भरली की हळूच म्हणतात, "सूनबाई, ह्याची बी नोंद टाका. आमच्या फोटोखाली."