पियानोवाला कुठून आला

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. शनिवारी दुपारी लॉस एंजेलिसच्या ब्रॉडवेवर मी ट्रामसाठी रांगेत उभा होतो. पुढचं जोडपं नुकतंच सिनेमातून बाहेर पडलेलं. आमच्याकडे खेळाची वेळ कोणी बघत नाही; वाटेल तेव्हा आत शिरायचं, आधी शेवट बघायचा, मग पुढच्या खेळाला सुरुवात, आणि आपण आलो होतो तो भाग आला की उठायचं.

“म्हणजे नवऱ्याला तिनेच मारलं ना, लॉइड?”

“पोलिसांनी तिलाच धरून नेलं की.”

“पण नंतर तर किती साधी होती. नवरा युद्धावर, आणि ही त्याला रोज पत्रं लिहीत बसलेली.”

“नंतर नाही, व्हर्ना. ते आधीचं.”

“मग तो पियानोवाला मधेच कुठून आला?”

“आपण आत गेलो तेव्हा तो होताच. तिच्या स्वयंपाकघरात बसलेला.”

“तेच विचारतेय. बसला कधी? ते आता येणारच होतं, तर तू मला उठवलंस. म्हणे, आपण आत आलो तेव्हा इथूनच चालू होतं.”

“बाई वाईट होती, एवढं कळलं ना? बास.”

“शेवट आधी बघितला म्हणून वाईट.”

“मीही युद्धावरून असाच मधे आलो, व्हर्ना. तीन वर्षांचं काही बघितलंच नाही.”

“मग विचारायचंस.”

“आत्ता विचारतोय.”

ट्राम आली. तो पायरीकडे वळला, तशी तिने त्याची बाही धरली.

“ही जाऊ दे. आधी तो पियानोवाला कुठून आला ते बघून येऊ. मग सांगते.”