पंक्चर न झालेले दोन महिने
हसू नका, पण पंक्चर होत नाय म्हणून मला एकदा करमेना झालं होतं.

बायको वारल्यावर पिशोर गाव सोडून शहरात उस्मानपुऱ्यात खोली घेतली. कामावर सायकलीनं जायचो. दर आठवड्याला पंक्चर. शेवटी पंक्चरच्या दुकानवाल्या चाचांनी टायरला आतून बोटं फिरवून बाभळीचा मोडका काटा काढला. म्हणाले, "हाच ट्यूब खातोय. हवा टाईट ठेवा, अन् मैदानातून येऊ नका."

तसंच केलं. दोन महिने पंक्चर नाय. त्या दोन महिन्यांत कामाशिवाय माझ्याशी कुणी एक शब्द बोललं नाय.

एका संध्याकाळी सायकल घेऊन गेलोच. चाचांनी दोन्ही चाकं दाबून पाहिली.

"भाई, हवा तर फुल आहे."

"व्हय," म्हणालो. तरी सायकल स्टँडला लावली.

चाचांनी हात पुसले, स्टूल माझ्याकडं सरकवलं.

"बसा. चहा मागवतो."