दोन बोटं उंच

नितीनला विचारू नका भिया, गाडी कशी काय घेतली ते. मी त्याचा बाप, मी सांगतो. आमच्या हिला हप्त्यात दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. पोरगा सगळ्या नातलगांत सांगत फिरला, "आईसाठी गाडी घेतोय." आणि दोन महिने दोन स्पोर्ट सेडानमधे अडकून बसला. या गाडीचा पिकअप, त्या गाडीचा पिकअप. मला तर रंग सोडून काही फरक दिसत नव्हता.

शेवटी मीच म्हटलं, "आईसाठी आहे ना? मग आईला बसवून बघ."

शोरूममधे पहिल्या गाडीत बसवली. बसली, पण उठता येईना, इतकी ती खाली. आम्ही दोघं हात धरून ओढायला लागलो तर ही ओरडली, "डावा सोडा रे, तो सुयांचा हात आहे."

दुसऱ्या गाडीतही तेच. सेल्समन म्हणतो, "अंकलजी, ये उससे दो उंगल ऊँची है."

मी म्हटलं, "दोन बोटांनी काय होतं?"

हिनं पोराचं तोंड बघितलं. म्हणाली, "होतो हो फरक. हीच घे बाळा."

घेतली त्यानं. आता मंगळवारी आणि शुक्रवारी ही दांडा धरून रिक्षात चढते, शेजारी मी बसतो. मागून नितीन नवी गाडी घेऊन येतो. त्याच्या शेजारच्या सीटवर हिची फाईल असते.