मारत्याला नावानं, मला 'अहो'

बसा, माय-बहिणींनो, बसा. पाटील, बशीरभाई, समदे आलात. निजामाच्या राज्यात चार माणसं जमली की विचारपूस सुरू. पाटलांनी पोलीस ठाण्याच्या अमीनाला सांगितलं, "टेंभुर्णीची गोदा सुईण गेली, तिच्या हातावर जलमलेली माणसं रडायला जमून राह्यलीत." तवा ही बैठक झाली. अन् बोलायला मला उभं केलं, तिच्या नवऱ्याला. मी शिंपी माणूस. मही सुई बराबर चालती, जीभ न्हाई चालत. पण आज बोलतो, अन् खरंच बोलतो.

मला ह्या मारुतीचा लई राग येतो.

हसू नका. त्याच्याच पारावर उभा राहून सांगतो. बायको मही, अन् नावानं हाक कुणाला? ह्याला! "मारत्या, ऊठ रे. मारत्या, पोरगी अडलीय, जल्दी ये." ब्रह्मचारी देव, अन् ही त्याला बाळंतिणीच्या खोलीत बोलवायची! पदर खोचला की पह्यली हाक त्याला. शनवारी तेल त्याच्या डोक्यावर, मह्या कालवणात थेंब न्हाई.

अन् मी? "अहो." "ऐकलं का?" जलमभर एवढंच. मह्या आईनं दौलत नाव ठेवलं. काय वाईट हाय का, सांगा? तुम्ही म्हन्ता दौलतमामा. बशीरभाई म्हन्तो दौलतमियाँ. एक तिच्याच तोंडात ते नाव न्हाई.

एकदा भांडलोच. म्हणलं, "घरात कुणी न्हाई. एकदा म्हण, दौलत."

"येडे झालात का? नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं."

"मंग मारुतीचं घेतीस ते?"

"तो चिरंजीव हाय. त्याचं काय कमी व्हायचंय?"

 मी तणतणत दुकानात जाऊन बसलो. त्या दिवशी पाटलांच्या सदऱ्याला बाही उलटी लावली.

मंग तिला ताप आला. शेवटच्या दिवशी मी उशाला बसल्तो. हात मह्या हातात, अन् बोलणं कुणाशी? "मारत्या, ह्यायला एकटं सोडू नको. लई रागीट हायेत, तू सोसून घे." ह्यायला! मरताना बी ह्यायलाच! मी म्हणलं, "अगं, मी हितं हाय. मह्याशी बोल." तिनं मह्याकडं पाह्यलं. ओठ हालले. मला वाटलं, आता म्हन्ती. अन् तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

लोक म्हन्तेत, अहेवपणी गेली, सोनं झालं. तिचं झालं असंल. महं काय? जपून जपून एवढं आयुष्य तिनं मह्यासाठी राखलं, अन् आपण निघून गेली. ते घेऊन मी कुठं जाऊ? चिरंजीव त्यानं व्हावं. मला काय करायचंय?

मारत्या, आज मी बी तुला नावानंच बोलतो. जलमभर तिची हाक तू ऐकलीस. आता ऐकायची मही पाळी.

मंडळी, समद्यांनी जरा गप बसा. लेकरं मांडीवर घ्या. मला ऐकू येऊ द्या.

गोदे, आता भ्यायचं कारण न्हाई. एकदा म्हण. झालं कमी तर होऊ दे.