मेरू ओलांडायचा नाही

शोभाताई : “मेरू आला का माळ फिरव. मेरू ओलांडू नको. बाकी काही चुकलं तं देव पाहून घेईन.” सासूबाईचे हे शब्द सकाळपासून कानात वाजून राहिले, अश्लेषा. आणि मी ओलांडून बसली.

अश्लेषा : मावशी, आधी खाली बस. तीनदा उठलीस. “लवकर ये” एवढंच बोललीस आणि फोन ठेवला. मी दवाखान्यातून ॲप्रनवर तशीच आले. वाटलं, पुन्हा झटका आला.

मधुसूदन : झटका-बिटका काही नाई, बाप्पा. माळ झाकायच्या गोमुखीची शिवण उसवली. तेवढ्यापायी सकाळपासून घरात फिरून राहिली, गाडी चुकलेल्या सवारीवानी.

शोभाताई : शिवण उसवली म्हणून तं दिसलं, जी! फटीतून लाल गोंडा दिसला. गोंडा मेरूमण्यालेच असते. माही बोटं त्याच्यावरून पुढच्या मण्यावर चालली होती. थांबली नाही. मले समजलंच नाही.

अश्लेषा : मेरू तर मोठा असतो ना बाकीच्या मण्यांपेक्षा?

शोभाताई : बोराएवढा. आंधळ्यालेही समजते. आजारातून उठली तशी रोज ओढली न मी माळ? रोज ओलांडला असन. आता आपल्या पोराची, रजतची एसटी पाचला सुटते, त्याच्या आत आजची माळ व्हायले पायजे.

अश्लेषा : पाणी घे. उजवा हात दे इकडे. पोळ्या लाटता येतात ना त्यानं?

शोभाताई : लाटते. वेणीही घालते. हात चांगला आहे म्हणून तं समजत नाही.

अश्लेषा : डोळे मीट. या थैलीत तुझ्या घरातलीच एक वस्तू टाकली आहे. हात घाल आणि सांग काय आहे.

शोभाताई : गोमुखी नाही न घेतली थैली म्हणून?

अश्लेषा : नाही गं, माझ्या डब्याची थैली आहे. सांग.

शोभाताई : थंड आहे. कडक. लांबट... एकीकडून खरबडीत लागते. काय असन हे?

मधुसूदन : अवं, रोज कमरेले खोचून फिरते थे!

अश्लेषा : मावसाजी, तुम्ही बोलायचं नाही.

शोभाताई : नाही येत, अश्लेषा. सगळं लागते हाताले, पण काय आहे थे नाही येत.

अश्लेषा : बरं. आता डावा हात घाल.

शोभाताई : किल्ली. कपाटाची किल्ली... अगं बाई! घातल्याबरोबर?

मधुसूदन : घ्या. भुताटकी.

अश्लेषा : भुताटकी नाही. मेंदूचे दोन भाग असतात, मावशी. उजव्या हाताला काय लागलं ते डाव्या भागाकडे जातं, डाव्या हाताचं उजव्या भागाकडे. तुझी रक्ताची गाठ झाली होती डाव्या भागात. त्यामुळे उजव्या हाताला थंड, कडक, खरबडीत हे सगळं सुटं सुटं कळतं, पण त्याची मिळून किल्ली होत नाही. डाव्या हाताचं घर शाबूत आहे. तिथे किल्ली ओळखली जाते, मग मधल्या पुलावरून निरोप पलीकडे जातो आणि तोंडात नाव येतं.

शोभाताई : म्हणजे माह्या बोटांखाली मेरू येतो, आणि बोटांसाठी तो मेरू नसतोच.

अश्लेषा : हो. तुझं लक्ष नव्हतं असं नाही. तू चुकली नाहीस.

शोभाताई : मोडलं तं खरं न पण.

अश्लेषा : उजव्या हाताला सराव देऊ. सुधारेल, पण महिने जातील. पूर्ण सुधारेल असं आज नाही सांगत.

शोभाताई : आणि आजची माळ?

अश्लेषा : गोमुखीतून बाहेर काढ आणि बघून ओढ. डोळ्यांना तर दिसतो मेरू.

शोभाताई : माळ उघड्यावर नाही ओढत, पोरी. झाकूनच ओढायची, असंच शिकवलं त्यांनी.

अश्लेषा : मग डाव्या हातानं ओढ.

शोभाताई : डाव्या हातानं? नाव घ्यायचं देवाचं, आणि डाव्या हातानं! काहीही बोलते.

मधुसूदन : एक दिवस नाही झाली तं काय होते वं? रजत काय लहान आहे? मीनं जिंदगीभर उमरेडची गाडी चालवली. माह्यासाठी कोण माळ ओढत बसलं होतं?

शोभाताई : ओढत होत्या.

मधुसूदन : का?

शोभाताई : सासूबाई. तुमची गाडी स्टँडवरून सुटायच्या आधी. गाडीतली सगळी माणसं सुखरूप घरी पोचो म्हणून. जाताना माळ माह्या हातात देली. तुम्ही रिटायर झाले, रजत स्टेअरिंगवर बसला. माळ तेच आहे.

मधुसूदन : मले काहून नाही सांगितलं मायनं?

शोभाताई : तुम्ही हसले असते.

मधुसूदन : ...हसलो असतो.

(भिंतीवरच्या घड्याळात साडेचारचा ठोका पडतो.)

शोभाताई : बसस्टँडवर आला असन तो.

मधुसूदन : शोभा, गिअर कोणच्या हाताले असते, सांग.

शोभाताई : आता गिअरचं काय काढलं?

मधुसूदन : डाव्या. नजर रस्त्यावर, उजवा हात स्टेअरिंगवर, आन डावा आपला आपण गिअर शोधते. खाली पाहिलं का गेली गाडी नाल्यात. माय इकडं उजव्या हातानं माळ ओढत होती, आन तिचा पोरगा तिकडं गाडीभर लोकं डाव्या हाताच्या भरोशावर नेत होता. डावा म्हणून काढून टाकला असता तं तुही लग्नाची वरातही पोचली नसती.

अश्लेषा : वरात एसटीनं आणली होती, मावसाजी?

मधुसूदन : मंग! ड्रायव्हर दोस्त होता माहा.

शोभाताई : थांबा दोघं. उजवा हात ठेवला तं मेरू ओलांडला जाते. मेरू सांभाळला तं हात डावा होते. एक पाळलं का दुसरं मोडते.

अश्लेषा : यातलं मला नाही सांगता येत, मावशी. मला फक्त हाताचं सांगता येतं.

शोभाताई : तुले नाही विचारून राहिली. माह्याच मनाशी बोलून राहिली... गोमुखी आण इकडं. शिवण मी घातली दुपारी, वाकडी आहे, पण टिकन.

अश्लेषा : उजव्या हातात देऊ?

शोभाताई : राहू दे पाटावरच. अहो, तांब्या आणा. नळाखाली नाही, तुम्ही वरून घाला पाणी.

मधुसूदन : कोणच्या हातावर?

शोभाताई : डाव्या. हळू घाला... मेरू आला का फिरायचं. ओलांडायचं नाही. समजलं न?

मधुसूदन : कोणाशी बोलून राहिली?

शोभाताई : हाताशी. याले आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.