माझं मशीन कधीच बंद पडत नाही

—नाही नाही दादा, इथून नको, तिकडून सुरुवात करा. चिमणीच्या टेबलापासून. ते खिडकीजवळचं, आरसा ठेवलाय बघा ज्याच्यावर. माझं मशीन कशाला बघताय? माझं कधीच बंद पडत नाही—विचारा कुणालाही. सॉफ्टवेअर सगळ्यांचं अडतं, माझं नाही. अडेलच कसं? सगळा हिशोब माझ्या मशीनमध्ये आहे, बाकीचे चौघं वायरीतून माझ्याकडे येतात आणि माझ्याकडूनच घेऊन जातात. विहीर माझ्या अंगणात आहे म्हणा ना. आता विहिरीला पाणी आहे आणि यांचीच बादली रिकामी वर येते, तर विहिरीला कशाला बोल लावायचा? पण नाही! आले की सगळे पहिले माझ्याच टेबलाखाली वाकतात. वाका बापडे. धूळ तेवढी मिळेल.

तुम्ही आज पहिल्यांदाच आलात म्हणून सांगते. पाच आठवडे झाले हे चालू आहे. माल गाडीत चढला की पावती करायची, ती अर्धी लिहून होते आणि पडद्यावर येतं—फाइल सापडत नाही. अहो सापडत नाही म्हणजे काय, सुई आहे का ती? मग पुन्हा सगळं पहिल्यापासून, गाडीवाला दारात शिव्या घालतोय, आणि दोनदा तर आख्ख्या दिवसाच्या नोंदी खराब होऊन गेल्या. काल धाकटे मालक बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, उद्या माणूस येईल, लेखी रिपोर्ट देईल, ज्याच्या टेबलापाशी दोष निघेल त्यानं शनिवारी चाव्या टेबलावर ठेवायच्या आणि घरी जायचं. बोलले सगळ्यांना, पण बघत होते माझ्याकडे! तेवीस वर्षं झाली मला इथे. हे धाकटे मालक माझ्या टेबलावर बसून गृहपाठ करायचे, पाढे मी घेतलेत यांचे—तेराचा अजून येत नसेल. मी काय ऐकून घेतेय? म्हटलं, मालक, शनिवारपर्यंत कशाला ताटकळता, माझ्याकडे दोष निघाला तर त्याच क्षणी चाव्या देते. पण दुसऱ्या कुणाकडे निघाला तर त्यालाही हाच न्याय. चिमणीचं तोंड एवढंसं झालं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

आता चिमणी कोण म्हणाल, तर एवढीशी आहे आणि दिवसभर चिवचिव. पावत्या तीच करते. वाईट आहे असं नाही हो. घरी दोन वर्षांचं लेकरू आहे, नोकरीची गरज आहे, सगळं माहीत आहे मला. पण गरज आहे म्हणून चुका झाकायच्या का? आणि मी उगाच कुणावर आळ घेत नाही. पुरावा आहे माझ्याकडे. ही वही बघा. बघा तर खरं! पहिल्या दिवसापासून लिहिलंय—तारीख, वार, वेळ. एक एकतीस. एक बत्तीस. एक एकतीस. एक चौतीस—त्या दिवशी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं, बाहेर यायला जरा उशीर झाला. एक एकतीस. काय दिसतं? रोज दीडच्या पुढे, आणि दोनला दहा कमी असताना आपोआप चालू. आणि चिमणी जेवून जागेवर कधी बसते? दीडला! आता आणखी काय पाहिजे? मी ही वही मालकांना दाखवली, तेव्हा कुठे त्यांची नजर माझ्यावरून हटली.

त्या बुधवारी वहीत का नाही काही? बुधवारी... हं, बुधवारी मी रजेवर होते. मग मी नाही तर लिहिणार कोण? पण ती म्हणते, ताई नव्हत्या त्या दिवशी दिवसभर सुरळीत चाललं. सगळ्यांसमोर म्हणाली! कालची पोर. मी दोन दिवस बोलले नाही तिच्याशी.

काय? वायरींना हात? माझ्या टेबलाखाली? कुणाची माय व्यालीय हात लावायला! इथे प्रत्येक वायरीला, प्रत्येक चावीला माझ्या हातची चिठ्ठी आहे—ही पंख्याची, ही दिव्याची, ही माझ्या मशीनची. झाडणारी बाईसुद्धा मला विचारून केरसुणी घालते. दीडला इथे कोण असतं? चिमणी तिकडे खिडकीशी, तिला इथलं ना दिसत ना ऐकू येत; इथे मी एकटी. बाकीचे पलीकडच्या खोलीत जेवतात, मी इथेच, कपाटाच्या आडोशाला. मला नाही आवडत घोळक्यात बसायला. नाही म्हणजे नाही. बसत होते पूर्वी.

किती वाजले? अगबाई, एक एकोणतीस. जरा पाय तिकडे घ्या दादा, माझं एक काम आहे. वीस मिनिटं. तुम्ही वर जाऊन चहा घेऊन या ना—नको? बरं, मग तोंड तिकडे करा आणि इथलं बाहेर बोलू नका. घरी फोन करायचाय. फोन जुना आहे, चित्र चालू केलं की पाच मिनिटांत मान टाकतो, म्हणून वायरीला लावूनच बोलावं लागतं. आमचे हे... ऑफिसात मी सांगितलंय की फिरतीवर असतात. फिरती कसली. पाच आठवडे झाले, उजवी बाजू गेली. नणंद भरवते, बिचारी जीव टाकते, पण घास तोंडात धरून बसतात नुसते, माझा आवाज ऐकल्याशिवाय गिळत नाहीत. मग मी इथून, गिळा. हं, आता दुसरा. शाबास. साठीच्या माणसाला शाबास म्हणायचं! आणि हे ऑफिसातल्यांसमोर करू? 'अरेरे ताई' करतील सगळे. मला नाही सोसत ते अरेरे. आणि धाकट्या मालकांना तर निमित्तच हवंय—आता ताईंचं लक्ष घरी. लक्ष माझं कुठे आहे ते वहीत बघा म्हणावं!

सरका. हा एक प्लग काढला की झालं. हा? हा बिनकामाचा हो. इंटरकॉमचा. चार वर्षं झाली इंटरकॉम बंद पडून, हा उगीच जागा अडवून बसलाय. वाचा ना, चिठ्ठी आहे त्याच्यावर—इंटरकॉम. माझंच अक्षर. हा काढला, हा चार्जर लावला, आणि—

कोण ओरडलं? चिमणी. 'गेलं, परत गेलं!' बघा! बघा, मी म्हटलं नव्हतं? एक एकतीस! लिहा, लिहा लवकर—

असे काय बघताय माझ्याकडे?

कुठे जाते ही वायर? कपाटामागे... तो दिव्यांचा डबा, सगळ्यांच्या वायरी माझ्या मशीनला जोडणारा? त्याचे दिवे रोज... मला काय ठाऊक, मी मागे कशाला बघू? चिठ्ठी आहे ना प्लगवर, मी स्वतः... मग डबा कुणी लावला त्याच्यात? कधी? आणि चिठ्ठी तशीच ठेवली?

लावा परत. लावा म्हणते ना.

आलं?

...पाच आठवडे.

तुम्ही काय लिहिताय? दाखवा इकडे. 'डबा जुना, बदलणे.' खोडा ते. खोडा! तुमची मेहेरबानी नकोय मला. तेवीस वर्षं लोकांच्या खोट्या नोंदी पकडल्या, आता स्वतःच्या नावाची खोटी नोंद घेऊन घरी जाऊ? आणि तुम्ही डबा बदलाल, पण ही माझी वही मालकांच्या डोक्यात आहे, ती कोण बदलणार? शनिवारी तीच जाईल ती पोर. लिहा—दोष माझ्या टेबलाखाली. वेळ एक एकतीस. प्लग मी काढला, रोज मीच काढला. कारण? कारणाचा रकाना कोरा ठेवा. माझा नवरा कुणाच्या रकान्यात बसणार नाही. आणा पेन, सही मीच करते. आणि चाव्यांचं म्हणाल तर बोलले ते बोलले, या घ्या—नाही, तुम्ही कशाला, मीच नेऊन देईन. ताठ मानेनं देईन. आधी फोन.

इथे दुसरा सॉकेट नाही. खिडकीजवळ आहे एक, त्या आरशापाशी.

...चिमणे. अगं, इकडे बघ. पूस ते डोळे, तुझं काही चुकलेलं नाही. सगळं सांगते, पण आधी तुझ्याजवळचा तो सॉकेट दे मला, वीस मिनिटं. घरी माझा माणूस तोंडात घास धरून बसलाय. —तुम्ही अजून इथेच, दादा? सही झाली ना? निघा मग.